पावसाळी परसबाग आणि प्लास्टिक बोगदा : मार्गासनी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुणे-सातारा महामार्गावरील चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी हे गाव लागते. येथूनच साखर, गुंजवणे व राजगडाकडे जाणारा रस्ता फुटतो. वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. भात हे या भागाचे प्रमुख पीक होय. जून ते सप्टेंबर या काळात भातखाचरांना हवे असलेले पाणीच परसातील मेथी, कोथिंबीर व पालक यांना मारक ठरते. पाने चिखलाने माखतात, मुळे कुजतात, रोपे कोलमडतात. कुर्डू, टाकळा, भारंगी अशा रानभाज्यांचा आधार काही आठवडे मिळतो. एरवी पालेभाजी बाजारातून, तीही महाग असताना, आणावी लागते. पाणी सर्वाधिक असते त्याच काळात घरची पालेभाजी सर्वांत कमी असते. या विसंगतीवर उपाय म्हणून घरगुती प्लास्टिक बोगद्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व कार्यतत्त्व

कमानींवर पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून तयार केलेली, माणसाला आत उभे राहता येईल एवढ्या उंचीची रचना म्हणजे प्लास्टिक बोगदा. हरितगृहाच्या आच्छादनासाठी काचेऐवजी पॉलिथिन वापरण्याचा प्रयोग अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे ई. एम. एमर्ट यांनी १९४८ मध्ये केला. तेथील उद्देश थंडीपासून पीक वाचविणे हा होता.

बोगदा तापतो याचे मुख्य कारण म्हणजे आत तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही. आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्ये साध्या प्रयोगाद्वारे या मुद्द्याकडे लक्ष वेधले होते. साधे पॉलिथिन उष्णतेची प्रारणे बऱ्याच अंशी बाहेर जाऊ देते. म्हणून असा बोगदा दिवसा भट्टीसारखा तापला तरी रात्री फारशी ऊब राखत नाही.

मार्गासनीसारख्या ठिकाणी ऊब ही गरजच नाही. येथे बोगद्याचे काम इरल्यासारखे आहे. भातलावणी करणाऱ्याच्या पाठीवरचे इरले पाऊस अडविते, वारा अडवीत नाही. थंड प्रदेशातील बंदिस्त बोगद्याचा आराखडा येथे जसाच्या तसा वापरल्यास पीक पावसाने नव्हे, तर कोंडलेल्या दमट हवेने जाईल. पानांवर ओलावा टिकला की करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांचे भय असते. म्हणून छत बंद आणि बाजू मोकळ्या, हे येथील बांधणीचे पहिले सूत्र मानावे लागते.

जागेची निवड

बोगदा खाचरात किंवा झाडाखाली नसावा. पाणी निचरून जाईल अशी उंचवट्याची, उन्हाची जागा निवडावी. लांबी दक्षिणोत्तर ठेवल्यास कमानींची सावली दिवसभर सरकत राहते. तथापि पावसाळी वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येत असल्याने अशा बोगद्याची लांब बाजू वाऱ्यासमोर येते. पश्चिमेस घराची भिंत, निरगुडीचे कुंपण वा वेळूचे बेट असा आडोसा असल्यास ही अडचण कमी होते.

बांधणी

बाजारात मिळणारा ६ मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी पाईप हे सोयीचे परिमाण आहे. तो ३.५ मीटर व्यासाच्या अर्धवर्तुळात वाकविल्यास कमानीला सुमारे ५.५ मीटर लागतात व दोन्ही टोकांना २५-२५ सेंटिमीटर सरळ भाग उरतो. ही टोके पायाच्या किंचित जाड पाईपांत बसवावीत. पायाचा प्रत्येक पाईप १ मीटर लांबीचा असावा. त्यातील ६० सेंटिमीटर भाग काँक्रीटमध्ये गाडावा व ४० सेंटिमीटर वर ठेवावा. त्यामुळे मध्यभागी २.१५ मीटर उंची मिळते. ८ मीटर लांबीच्या बोगद्यास १.६ मीटर अंतरावर सहा कमानी पुरतात. माथ्यावर एक व दोन्ही बाजूंस एकेक आडवा पाईप आणि चारही कोपऱ्यांत तिरके आधार आवश्यक आहेत. खर्च कमी करण्यासाठी वेळूच्या कमानी करता येतात. मात्र जमिनीत जाणाऱ्या भागास डांबर लावावे आणि कागद घासून फाटू नये म्हणून पेरे तासून त्यांवर जुने कापड गुंडाळावे.

आच्छादनासाठी अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉनचा कागद वापरावा. साधा प्लास्टिक कागद उन्हाने लवकर ठिसूळ होतो. प्रक्रिया केलेला साधारण तीन-चार वर्षे टिकतो. कागद सकाळी किंवा ढगाळ हवेत, वारा पडलेला असताना ताणावा व पट्टी आणि झिगझॅग स्प्रिंगने घट्ट बसवावा. सैल कागद वाऱ्याने फडफडून फाटतो, शिवाय त्याच्या खोलगट भागात पाणी साठते. जमिनीपासून सुमारे १ मीटरपर्यंतचा भाग गुंडाळता येणाऱ्या पडद्याचा ठेवावा व तिरकी सर येईल तेव्हाच तो सोडावा. दोन्ही टोकेही वरच्या बाजूस मोकळी असावीत.

पाण्याचे गणित

३.५ बाय ८ मीटर म्हणजे २८ चौरस मीटर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडल्यास २८ लिटर पाणी होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २,८०० लिटर पाणी दोन्ही कडांना उतरते. यासाठी चर खोदून ते खाचराकडे वळविणे आवश्यक आहे. अन्यथा छत कोरडे राहूनही वाफे खालून भिजतील. आत मधोमध ५० सेंटिमीटरची वाट, तिच्या दोन्ही बाजूंस १ मीटर रुंदीचे व १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे आणि कडांना अर्धा मीटर मोकळी जागा, अशी आखणी करावी. बाहेर मुसळधार पाऊस असला तरी आतील पिकास झारीने पाणी द्यावे लागते, हेही विसरता कामा नये.

पिके व वार्षिक वेळापत्रक

पावसाळ्यात मेथी, कोथिंबीर, पालक तसेच मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपे घेणे सर्वाधिक लाभदायक ठरते. काकडी, दोडका, कारली यांच्या परागीभवनास कीटक लागतात. हे वेल बाहेर नेहमीच्या मांडवावर चढविणेच योग्य. हिवाळ्यात उघड्या वाफ्यावरही भाजी चांगली येते. त्यामुळे बोगद्याचा विशेष फायदा नसतो. एप्रिल-मेमध्ये कागद उतरवून सावलीत ठेवावा व कमानींवर ५० टक्के सावली देणारी जाळी घालावी. त्यामुळे उष्णता घटते, कागदाचे आयुष्य वाढते आणि वळवाच्या वादळात तो सापडत नाही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील पॉलिहाऊसचेही नुकसान झाले होते. वादळाची पूर्वसूचना मिळताच कागद उतरविता येणे, हा लहान बोगद्याचा मोठा गुण होय. निकामी कागद न जाळता भंगारात द्यावा.

समारोप

मावळातील पॉलिहाऊस फुलांच्या व्यापारासाठी उभी राहिली. घरगुती बोगद्याचे मोजमाप वेगळे आहे. त्याचा खर्च बाराही महिन्यांच्या उत्पन्नावर न मांडता पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरात येणाऱ्या ताज्या भाजीवर व वाचणाऱ्या रोपांवर मांडावा लागेल. लावणीच्या दिवसांत घरातील मनुष्यबळ खाचरात गुंतलेले असते. त्या काळात रोज झारी व पडदा सांभाळणारे कोणी नसल्यास वेळूच्या दोन-तीन कमानींच्या लहान बोगद्यापासून आरंभ करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.