पेशंट सांगत नाही, की आपण विचारत नाही? लैंगिकता-प्रशिक्षणावरचं संशोधन कसं वाचायचं

पेट झाली, मुलाखत झाली, आता गाईड म्हणतात, "विषय घेऊन या." मानसशास्त्र, नर्सिंग किंवा सार्वजनिक आरोग्याकडून येत असाल, तर 'अमुक प्रशिक्षणाची परिणामकारकता' असा विषय तुमच्या वहीत कुठेतरी लिहिलेला असेल. विषय सोपा वाटतो. वर्कशॉप घ्यायचं, आधी एक प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली, टी-टेस्ट लावली की झालं. आज याच प्रकारचा एक विषय घेऊन तो वाटतो तेवढा सोपा का नाही ते बघू. विषय आहे मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक यांना मानवी लैंगिकतेबद्दल दिलं जाणारं प्रशिक्षण.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ

समजा, आमच्या माळेगाव बुद्रुकमधला पस्तिशीतला एक माणूस. झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, म्हणून बारामतीला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. नैराश्याचं निदान झालं आणि सर्ट्रालिनसारखी एखादी गोळी सुरू झाली. दीड महिन्यात झोप सुधारली, पण बायकोजवळ जाण्याची इच्छाच उरली नाही. फेरतपासणीला सोबत मेहुणा होता आणि नंबर लावणारा कंपाउंडर गावातलाच निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" हा म्हणाला, "बरंय." घरी येऊन गोळी बंद केली. काही महिन्यांनी आजार परत. केसपेपरवर नोंद एवढीच: रुग्णाने औषध सोडले.

माणूस काल्पनिक आहे, पण यातली एकही पायरी अवघड किंवा दुर्मीळ नाही. या गटातल्या औषधांनी इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला किंवा परमोच्च सुखाला उशीर होणं हे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. त्यावर उपायही असतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, कधी थोडं थांबून बघता येतं. (गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नसते, हे जाता जाता घरच्यांनाही सांगा.) पण डॉक्टरला कळलंच नाही, तर यातलं काहीच करता येत नाही.

१४ आणि ५८

स्पेनमधल्या संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशीच औषधं घेणारे ३४४ रुग्ण. लैंगिक तक्रार आपणहून सांगणारे निघाले १४ टक्के. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर तक्रार असणारे निघाले ५८ टक्के.

हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. औषधं तीच, प्रश्न विचारल्याबरोबर आकडा चौपट. म्हणजे 'आमच्याकडे अशा तक्रारी येत नाहीत' हे वाक्य पुष्कळदा पेशंटबद्दल नसतं, विचारणाऱ्याबद्दल असतं.

आता संशोधक म्हणून लगेच दोन शंका यायला हव्यात. एक, हे आकडे जसेच्या तसे पुणे जिल्ह्याला लावता येणार नाहीत. दोन, नैराश्यातही इच्छा कमी होतेच, मग दोष गोळीचा की आजाराचा? म्हणूनच हा प्रश्न औषध सुरू करण्याआधीही विचारावा लागतो. आधीची नोंद नसेल, तर नंतरच्या नोंदीचा अर्थ लावता येत नाही.

मग शिकवलं काय जातं?

महाराष्ट्रात हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालवलं. वाचक पत्रातून लैंगिक प्रश्न विचारायचे, कर्वे छापील उत्तरं द्यायचे. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. खटला हरला, पण आपल्याला कामाची गोष्ट वेगळी आहे. लोकांकडे प्रश्न होते, आणि ते विचारायला गणिताच्या एका प्राध्यापकाच्या मासिकाकडे यावं लागत होतं.

वैद्यकीय शिक्षणाने हा विषय घेतला, पण कसा घेतला ते बघा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक विषयाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही हे दाखवून पाठपुरावा केला. त्यानंतर २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या लक्षणांचा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. म्हणजे तोपर्यंत मुलं तो पाठ करून पास होत होती, आणि त्यातलीच काही पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाली.

समलैंगिकतेचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर म्हटलं. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लैंगिक कल 'बदलण्याच्या' तथाकथित उपचारांना बंदी करणारे निर्देश दिले. त्या प्रकरणातल्या न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी विषय समजून घेण्यासाठी आधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर सत्र घेतलं होतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने असे उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरीही ऑगस्ट २०२४ च्या शेवटी त्याच आयोगाच्या नव्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात स्त्रियांमधले समलैंगिक संबंध 'अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां'च्या रांगेत परत आले. टीका झाली आणि काही दिवसांतच तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला.

यातून आपल्यासाठी मुद्दा असा, की 'प्रशिक्षण झालं' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. प्रशिक्षणात काय होतं, हे आधी बघायचं. चुकीचं शिकवलं तरी पोस्ट-टेस्टचे मार्क वाढतातच.

चांगल्या प्रशिक्षणाचे चार भाग

संशोधनात साधारण चार गोष्टी वेगवेगळ्या धरतात: माहिती, दृष्टिकोन, संकोच आणि कौशल्य. हे चार एकत्र कालवू नका. एखाद्या डॉक्टरला सगळी माहिती असते, मनात कुणाबद्दल आकसही नसतो, तरी पन्नाशीच्या विधवा बाईला हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. तिला विचारायचं असतं हेच डोक्यात येत नाही.

दृष्टिकोनासाठी १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एक पद्धत सुरू झाली. शिकणाऱ्यांना लैंगिकतेचे वेगवेगळे अनुभव दाखवायचे, ऐकवायचे आणि मग छोट्या गटात स्वतःच्या प्रतिक्रियांवर बोलायला लावायचं. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने २०१९ पासून समुपदेशकांसाठी क्वीअर-अफर्मेटिव्ह समुपदेशनाचा अभ्यासक्रम चालवला आहे. त्यात शिकवणारे स्वतः या समुदायातले मानसिक आरोग्य व्यावसायिक आहेत. ज्यांच्याबद्दल आजवर फक्त पुस्तकात वाचलं, तेच समोर शिक्षक म्हणून उभे राहतात, हा त्यातला मोठा फरक.

कौशल्यासाठी जॅक ॲनन यांनी १९७० च्या दशकात मांडलेली चार पायऱ्यांची चौकट आजही वापरतात. आधी बोलायला परवानगी, मग नेमकी थोडी माहिती, मग ठोस सूचना आणि शेवटी सखोल उपचार. शेवटची पायरी तज्ज्ञाची. पण पहिली कुणालाही जमायला हवी. "या गोळीने बऱ्याच जणांना नवरा-बायकोच्या संबंधात फरक जाणवतो. तुम्हाला काही जाणवलं का?" एवढंच. आणि त्याआधी, "पाहुणे, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?"

मराठीचा प्रश्न

इथे तुमच्यासाठी संशोधनाची मोकळी जागा आहे. शिक्षण इंग्रजीत होतं आणि पेशंट मराठीत बोलतो. तो म्हणतो 'कमजोरी आली', 'धातू जातो'. ती म्हणते 'अंगावरून जातं', 'जवळ येऊ वाटत नाही'. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं ते अशाच बोलण्याकडे नीट कान देऊन. पुरुष थकवा, अशक्तपणा, काळजी घेऊन येतो आणि कारण म्हणून वीर्य जाण्याकडे बोट दाखवतो. हे ऐकून हसणारा डॉक्टर त्याच्या मागचं नैराश्य हुकवतो.

आपल्या शब्दांतही निकाल आधीच लागलेला असतो. झोपेत आपोआप होणाऱ्या नैसर्गिक गोष्टीला आपण 'स्वप्नदोष' म्हणतो. शब्दातच दोष! प्रश्नावलीत हा शब्द वापरलात, तर तुम्ही दृष्टिकोन मोजत नाही, तो शिकवताय.

चंडीगडच्या पीजीआयमध्ये तयार झालेली लैंगिक ज्ञान आणि दृष्टिकोनाची प्रश्नावली १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती हिंदीत, उत्तर भारतीय लोकांसाठी. ती नुसती मराठीत उतरवून चालणार नाही. भाषांतर, उलट भाषांतर, मग बारामती-इंदापूर भागातल्या दहा-पंधरा लोकांसोबत बसून प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ घेतला हे विचारणं, हे सगळं करावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढचे आकडे पोकळ.

तर मोजायचं काय?

वर्कशॉप संपल्यावर लगेच भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये 'मला आता आत्मविश्वास वाटतो' असं जवळजवळ सगळेच लिहितात. समोर चहा-बिस्किटं असतात, शिकवणारे मॅडम-सर उभे असतात. शिवाय तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा आली की उत्तरं आठवतात. तुलनेसाठी प्रशिक्षण न मिळालेला गट नसेल, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

म्हणून प्रपोजल लिहिताना मोजमाप क्लिनिकच्या खोलीत न्या. केसपेपर तपासा: नवीन औषध सुरू करताना आणि फेरतपासणीला लैंगिक आरोग्याची नोंद झाली का? प्रशिक्षणाआधीचे तीन महिने आणि सहा महिन्यांनंतरचे तीन महिने. किंवा पेशंटची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती पाठवा आणि प्रश्न विचारला गेला का ते नोंदवा. यासाठी डॉक्टरांची आधी संमती लागेल, एथिक्स कमिटीची मंजुरी लागेल, आणि केसपेपरमधून नाव-गाव काढूनच माहिती घ्यावी लागेल. गाव लहान असलं की वय, जात आणि धंदा एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, हे कमिटीला तुम्हीच आधी सांगा.

सॅम्पल लहान निघेल. पुणे शहर सोडलं तर जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ शोधावे लागतात. मग समुपदेशक, परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांनाही घ्या. पेशंट आधी त्यांच्याकडेच येतो.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या विषयाशी जवळचा, प्रशिक्षणावरचा एक पेपर घ्या आणि त्यात दोन ओळी शोधा: प्रशिक्षणात नेमकं काय शिकवलं, आणि शेवटी काय मोजलं. मोजलेली गोष्ट जर फक्त शिकणाऱ्याच्या फॉर्मवर असेल आणि माळेगावच्या त्या माणसाला गोळीबद्दल कुणी विचारलं की नाही हे त्यातून कळत नसेल, तर तुमचा प्रश्न तिथून सुरू होतो. सापडलं तर खाली लिहा, पुढच्या लेखात त्यावरच बोलू.