विश्लेषण : उत्स्फूर्त संगीताचा ‘लाइव्ह अल्बम’ का महत्त्वाचा? स्वीडिश रॉकचे किराणा घराण्याशी काय नाते?

मैफलीत त्या क्षणी सुचलेले संगीत पुन्हा तसेच कधीच वाजत नाही. मग ते ध्वनिमुद्रित करून नेमके काय हाती लागते? स्वीडनचा ‘त्रेद, ग्रेस ओक स्तेनार’ हा जुना रॉक बँड आणि पुण्यात रुजलेले किराणा घराणे, या दोघांनाही हा प्रश्न लागू पडतो. आणि या दोघांमध्ये एक दुवाही आहे.

हा बँड कोणता?

नावाचा अर्थ ‘झाडे, गवत आणि दगड’. १९६७ मध्ये स्टॉकहोममध्ये गिटारवादक बू आंदेर्स पेर्शोन यांच्याभोवती ‘पेर्शोन साउंड’ नावाने हा गट जमला. पुढे ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’, ‘हार्वेस्टर’ अशी नावे बदलत तो या नावावर स्थिरावला. एकच साधी लय धरून ठेवायची, तिच्यावर गिटार, बास आणि चेलोचे सूर संथपणे फिरवायचे आणि श्रोत्यांनाही सामील करून घ्यायचे, ही त्यांची पद्धत. जून १९७० मध्ये स्टॉकहोमच्या येर्देत मैदानावर झालेल्या मोफत संगीत महोत्सवात ते वाजले. तिथले ध्वनिमुद्रण कित्येक वर्षांनी अल्बम म्हणून बाहेर आले. १९७२ चा ‘यूंगेल्न्स लाग’ आणि १९७३ चा ‘मोर्श मोर्श’ हे त्यांचे अल्बमही प्रत्यक्ष कार्यक्रमांतलेच.

किराणा घराण्याशी संबंध कसा?

अमेरिकी संगीतकार टेरी रायली १९६७ मध्ये स्टॉकहोमला आले होते. छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू बदलत नेण्याच्या त्यांच्या पद्धतीचा पेर्शोन यांच्यावर मोठा प्रभाव पडला. हेच रायली १९७० मध्ये पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. त्याच घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. म्हणजे रायली यांनी गंडा बांधला तो स्वीडनभेटीनंतर. त्यामुळे बँडने राग संगीत उचलले असे म्हणता येत नाही. पण एक सूर धरून त्यात खोल उतरण्याची ओढ दोन्हीकडे सारखी आहे.

स्टुडिओत ते का साधत नाही?

पहिले कारण वेळेचे. जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. विलंबित ख्यालात तेवढ्यात आलाप नीट सुरूही होत नाही. त्यामुळे गायकांना बंदिश, दोन-चार आलाप आणि ताना एवढ्यात राग उरकावा लागे. एलपी आल्यावर एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली, सीडीवर तासाहून अधिक. दुसरे कारण श्रोत्यांचे. समेवर आलेली दाद ऐकून गायक पुढची जागा वाढवतो किंवा सोडून देतो. काचेपलीकडे एकटा ध्वनिमुद्रक बसलेला असेल, तर हा संवाद होत नाही.

ध्वनिमुद्रण झाले नाही तर काय हरवते?

अब्दुल वहीद खाँ १९४९ मध्ये गेले. रागाची अतिविलंबित बढत हे त्यांच्या गायकीचे वैशिष्ट्य मानले जाते, पण त्यांची अगदी मोजकी ध्वनिमुद्रणे उरली आहेत. बाकी गायकी शिष्यांच्या गळ्यातून जेवढी आली तेवढीच. पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकांवर बंधन आणल्यावर उत्तररात्रीचे राग खुल्या मंचावर ऐकणे दुर्मीळ झाले. त्या वेळचे गाणे आता बऱ्याच अंशी जुन्या फितींतच भेटते.

मग यात धोका काय?

एका रात्री सुचलेली जागा ध्वनिमुद्रणात कायमची होते. विद्यार्थी ती हुबेहूब घोकतात आणि उत्स्फूर्त असलेले पाठांतर होऊन बसते. पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोरच्या एमआयटी एडीटी विद्यापीठासारख्या संकुलात संगीत शिकणाऱ्या पिढीच्या मोबाइलमध्ये शेकडो मैफली आहेत. त्यामुळे एकाच गायकाने वेगवेगळ्या वर्षी गायलेला तोच राग शेजारी ठेवून ऐकता येतो. दोन्हींत सारखे राहते ते रागाचे चलन. बदलते ती त्या दिवसाची सुचलेली वाट. हा फरक कळला, की नक्कल आणि शिक्षण यांतली सीमाही कळते.

बँडचे पुढे काय झाले?

१९९० च्या दशकात तो पुन्हा एकत्र आला. बासवादक तूरब्यर्न आबेली २०१० मध्ये आणि ड्रमवादक थॉमस मेरा गार्त्स २०१२ मध्ये गेले. गिटारवादक याकोब शहोल्म यांनी नव्या साथीदारांसह वादन चालू ठेवले आणि २०१८ मध्ये ‘त्रेदेन’ म्हणजे ‘झाडे’ या नावाने अल्बम काढला. वादक बदलले तरी रीत टिकली, कारण ती एखाद्या ठरावीक गाण्यात अडकलेली नव्हती. घराणे टिकते ते याच तत्त्वावर.