पोरगं ऐकत नाही? ते बिघडलेलं नाही, त्याचा मेंदू अजून तयार होतोय

सातवीपर्यंत आईच्या मागंमागं फिरणारं पोरगं नववी-दहावीत गेलं की एकदम बदलतं. विचारलं तर बोलत नाही, बोललं तर उलटं बोलतं. रात्री एकपर्यंत मोबाईल, सकाळी सात वाजले तरी अंथरुणात. पोरगी असेल तर दार लावून बसते, बारक्या कारणावरून रडते. घरोघरी हीच तक्रार आहे. वडील म्हणतात संगत वाईट, आजी म्हणते लाडानं बिघडवलं.

संगतीचा आणि घरच्या वातावरणाचा भाग असतोच. पण बरंचसं कारण पोरांच्या डोक्यातच असतं. वयाच्या दहा-अकरापासून मेंदूत मोठी उलथापालथ सुरू होते आणि ती पंचविशीपर्यंत चालते. ही उलथापालथ नेमकी काय असते, हे आईवडिलांना समजलं तर घरातली निम्मी भांडणं कमी होतील.

मेंदूची छाटणी

सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचलेला असतो. त्यानंतरचा मोठा बदल असतो आतल्या जोडण्यांचा. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडलेल्या असतात. वयात येताना जी जोडणी वापरात नाही ती गळून पडते, जी रोज वापरात आहे ती पक्की होते. द्राक्षबागेत नको त्या काड्या छाटल्या की ठेवलेल्या काडीला जोर मिळतो, तसंच हे. राहिलेल्या जोडण्यांवर वायरच्या कोटिंगसारखं चरबीचं आवरण चढतं आणि निरोप झटक्यात पोचू लागतो.

अमेरिकेतले डॉक्टर जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूचे काही वर्षांच्या अंतरानं एमआरआय काढले. १९९९ साली त्यांनी दाखवून दिलं, की मेंदूची घडण लहानपणीच संपत नाही, ती वयात येतानाही चालू असते.

सगळ्यात शेवटी तयार होतो तो कपाळामागचा भाग. ‘थांब, याचा परिणाम काय होईल’ हे सांगणारा हाच भाग. तो पक्का व्हायला पंचविशी उजाडते.

इंजिन चालू, ब्रेक कच्चा

मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं. काहीतरी चांगलं मिळणार असं वाटलं की ते सुटतं आणि माणसाला त्या गोष्टीची ओढ लागते. वयात येताना शरीरात हार्मोन्स वाढतात आणि ही डोपामाइनची व्यवस्था जास्त तापट होते. म्हणून पोरांना जोरात गाडी हाणायला, रील टाकायला, नवीन काहीतरी करून बघायला जी मजा येते, ती चाळिशीतल्या माणसाला येत नाही. ओढ लावणारा भाग जोरात आणि आवरणारा भाग अजून कच्चा, अशी ही दहा-बारा वर्षं असतात.

यात मित्र जवळ असले की आणखी भर पडते. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेमवर एक प्रयोग केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. १३ ते १६ वयाची मुलं एकटी खेळताना जेवढा धोका पत्करत, त्यापेक्षा खूप जास्त धोका मित्र शेजारी बसल्यावर पत्करत. २४ च्या पुढच्या माणसांना मित्र असल्यानं फारसा फरक पडला नाही.

म्हणजे एकटं असताना शहाण्यासारखं वागणारं पोरगं मोटारसायकलवर ट्रिपल सीट असताना वेड्यासारखं का पळवतं, याचं उत्तर इथं आहे. ‘माझं पोरगं तसलं नाही’ म्हणून त्याच्या हातात चावी देऊ नका. कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

सकाळी न उठणं हा आळसच असतो असं नाही

अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि झोप येते. वयात येताना हे रसायन उशिरा वाढू लागतं, काही मुलांत दोन तासांपर्यंत उशिरा. त्यामुळं दहाला झोप म्हटलं तरी पोरांना झोप येत नाही. त्यात मोबाईलचा उजेड डोळ्यावर आला की झोप आणखी लांबते.

१३ ते १८ वयाच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सहाची एसटी पकडणाऱ्या पोरांची ती होतच नाही. झोप कमी पडली की चिडचिड वाढते आणि वाचलेलं डोक्यात राहत नाही. रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, हा नियम आईवडिलांसकट सगळ्या घराला लावला तरच तो टिकतो.

तंबाखूची पुडी आणायला पोराला पाठवू नका

‘जा रे, टपरीवरनं पुडी घेऊन ये,’ असं सहज म्हटलं जातं. पण घडणाऱ्या मेंदूला निकोटीन मोठ्या माणसापेक्षा लवकर पकडतं. निकोटीन डोपामाइन वाढवतं. ते रोज मिळू लागलं की मेंदू त्यासाठी जास्त जागा तयार करतो, आणि नाही मिळालं तर जीव कासावीस होतो. दारूचंही तेच. ज्या वयात जोडण्या पक्क्या होतात, त्याच वयात ही सवय पक्की होते.

१८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री करायला कायद्यानं बंदी आहे. सवय लागली असेल तर १८००११२३५६ या मोफत नंबरवर ती सोडवायला मदत मिळते.

घरात काय करता येईल?

चारचौघांत, मित्रांसमोर पोराला बोलू नका. त्या वेळी त्याला फक्त अपमान कळतो, सल्ला कळत नाही. दोघंच शेतात जाताना किंवा गाडीवर असताना बोला. राग शांत झाल्यावर बोला.

मारून मेंदू लवकर पिकत नाही. उलट रोजची भीती आणि ताण असेल तर विचार करणारा भाग मागं पडतो. नियम थोडे ठेवा, पण पाळायला लावा.

जे रोज वापरात तेच पक्कं होतं, हे लक्षात ठेवून कामं द्या. डेअरीच्या दुधाचा हिशोब, मोटर चालू-बंद करायची जबाबदारी, कबड्डी, तालीम, पोहणं. धाडसाची भूक मैदानावर भागली तर ती रस्त्यावर कमी लागते.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

चिडचिड वेगळी आणि आजार वेगळा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास राहणं, जेवण-झोप बिघडणं, मित्र सोडून देणं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, यातलं काही दिसलं तर ‘नाटकं करतंय’ म्हणून सोडू नका. शांतपणे विचारा, ऐकून घ्या. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशनाची सोय कुठं आहे, हे आशाताईंना विचारता येईल.

आणि एक काम आजच करा. फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात उघडं असेल तर कुलपात ठेवा, चावी मोठ्या माणसाकडं ठेवा. निकालाच्या दिवशी किंवा भांडण झाल्यावर या वयातल्या पोरांच्या मनात जे येतं ते बऱ्याचदा थोड्या वेळाचं असतं. तेवढा वेळ निघून गेला, कुणी जवळ बसलं, तर पोर वाचतं. त्याचा स्वतःचा ब्रेक तयार होईपर्यंत तो ब्रेक घरच्यांनीच व्हायचं आहे.