लाखांचे घड्याळ, सेकंदांचा हिशेब

लाखो रुपयांचे स्विस यांत्रिक घड्याळ दिवसाला 5 सेकंद पुढे गेले, की मालक अस्वस्थ होतो. वस्तुतः स्वित्झर्लंडच्या ‘कॉस्क’ संस्थेचे क्रोनोमीटर प्रमाणपत्रच दिवसाला सरासरी उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची मुभा देते. तीही प्रयोगशाळेत, 15 दिवस, पाच स्थितींत तपासून. मनगटावरचे जिणे निराळे. रात्री घड्याळ कसे ठेवले, चावी किती उरली, यावर गती बदलते. एकाएकी ते मिनिटांनी धावू लागले, तर संशय प्रथम चुंबकावर घ्यावा: पर्सच्या चुंबकी बटणाने किंवा फोनच्या स्पीकरने केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांस चिकटतात. चुंबकत्व काढणे काही मिनिटांचे काम. त्यासाठी संपूर्ण सर्व्हिसिंगचे बिल कशाला? रोजची चूक आठवडाभर वहीत मांडावी. सातत्याने अधिक 8 दाखवणारे यंत्र घड्याळजी सहज जुळवून देतो. आज अधिक 8, उद्या उणे 6 दाखवणारे मात्र उघडावेच लागते.