जुनी मोटार, नवे गिऱ्हाईक

दुकान मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहणे हीच तिजारत, असे आपले अनेक व्यापारी बंधू मानतात. फ्रान्समधील व्यापारी मात्र गर्दीकडे जातात. तेथील ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली. १९३० पासून तिच्यापुढे जाहिरातीच्या गाड्यांचा काफिला निघतो. सायकलस्वारांची वाट पाहत लोक तासन्‌तास रस्त्याकडेला उभे असतात, तीच संधी.

या काफिल्यात कोशोनू कंपनीच्या जुन्या सित्रोएन मोटारी गाजल्या. १९४८ साली लोकांपुढे आलेली ही साधी गाडी १९९० साली बनायची थांबली. कंपनीचा माल डुकराच्या मांसाचा, आपल्याला हराम; पण तरकीब पाहण्यासारखी आहे. गाडीवर लाल-पांढऱ्या चौकड्या, वाटायच्या टोप्यांवरही त्याच चौकड्या. आम्ही कापडवाले, म्हणून चटकन ध्यानात आले : नजर खेचते मोटार, पण गिऱ्हाइकाच्या घरी जाते ती चौकड.

मालेगाव-भिवंडीच्या भावांनी प्रदर्शनाला एखादी जुनी पद्मिनी किंवा अँबॅसडर न्यावी. गाडीचा रंग बदलायचा तर आर.टी.ओ.त नोंद हवी. त्यापेक्षा आपलेच कापड टपावर बांधावे आणि त्याच थानाचा रुमाल लोकांच्या हाती द्यावा.

मात्र रुमालाने पहिल्याच धुण्यात रंग सोडला, तर सजवलेली मोटार आपलीच बदनामी गावभर फिरवील. ओले धान्य ढिगाखाली ठेवणाऱ्याला हुजूर (स.) यांनी बाजारातच ताकीद दिली होती. आधी माल पक्का, मग मोटार.