वजनाची गोळी : साक्ष कोणाची?

समजा, एखाद्या कारखानदाराच्या मनात आले की, वजन आटोक्यात ठेवणारी एक गोळी बाजारात आणावी. औषध नव्हे, हल्ली सगळेच ज्याला ‘सप्लिमेंट’ म्हणतात तशी, जेवणाला जोड म्हणून घ्यायची गोळी. माणूस सज्जन आहे असे आपण धरून चालू. तो म्हणतो, “मी काही माझ्याच डोक्याने करणार नाही. चार लोकांना विचारीन, दोन तज्ज्ञांना विचारीन, आणि सगळ्यांच्या सांगण्यातून निघेल तशी गोळी करीन.” ऐकायला हे फार शहाणपणाचे वाटते, आणि आहेही. पण वाचकहो, खरी मेख पुढेच आहे. लोकांना विचारायचे ते काय, आणि तज्ज्ञांना विचारायचे ते काय? दोघांपुढे एकच प्रश्न ठेवून चालेल का?

मी वैद्य नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा साक्षीपुराव्याची बाजू तेवढी माझ्या वाट्याची, आणि तेवढीच इथे मांडतो. माझे म्हणणे असे की, गोळीने गुण आला का, या प्रश्नावर ती घेणारा माणूस हा अगदी कच्चा साक्षीदार. उलट गोळीने काही अपाय होतो आहे का, याची पहिली बातमी त्याच्याकडूनच यायची. तिथे त्याला वगळून भागत नाही. बाजारात मात्र नेमके उलटे चालते. गुणाची पत्रे चौकटीत छापली जातात आणि त्रासाची पत्रे फायलीत पडून राहतात.

आधी गुणाचे पाहू. कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला आमसूल काय ते सांगायला नको. रातांब्याच्याच कुळातले दुसरे एक झाड केरळात होते. त्याच्या फळाची वाळवलेली साल तिकडे माशाच्या कालवणात घालतात. तिला कुडमपुळी म्हणतात. शास्त्रज्ञ या झाडाला गार्सिनिया कॅम्बोजिया या नावाने ओळखत आले. १९६५ साली लुईस आणि नीलकांतन या आपल्याकडच्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की, या फळातले मुख्य आम्ल म्हणजे हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. पुढे १९६९ साली अमेरिकेत आढळले की, खाल्लेल्या पिष्टापासून शरीरात चरबी तयार होताना जे एक विकर कामी येते, त्याचे काम हे आम्ल रोखून धरते. उंदरांना ते दिले, तर उंदीर कमी खाऊ लागले. झाले! तर्काची साखळी पुरी झाली आणि १९९० नंतरच्या दशकात या आंबट सालीच्या अर्काच्या गोळ्या जगभर विकल्या जाऊ लागल्या. घेणारेही सांगू लागले की, वजन उतरले.

मग १९९८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. १३५ स्थूल माणसे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण आत काही नसलेली पोकळ गोळी. कोणाला कोणती, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. दोन्ही गटांना कमी उष्मांकांचा सारखाच आहार. बारा आठवड्यांनी वजने केली. खरी गोळी घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले होते. आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचे? ४.१ किलो! एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, तेव्हा पोकळ गोळी सरस ठरली असे कोणी म्हणू नये. पण खरी गोळी सरस ठरली नाही, हे तर उघडच आहे.

आता असं पाहा. आपल्या कारखानदाराने यातल्या फक्त खरी गोळी घेतलेल्यांना गाठून विचारले असते, “काय हो, उतरलं का वजन?” तर पुष्कळांनी आनंदाने सांगितले असते, “उतरलं की! तीन किलो उतरलं.” यांतला एकही माणूस खोटे बोलला नसता. काटा खरा, किलो खरे, आनंदही खरा. आणि तरीही या साऱ्या खऱ्या साक्षींतून काढलेला निष्कर्ष साफ खोटा ठरला असता. वजन उतरवले ते आहाराने. मानपत्र मात्र गोळीला.

हे असे का होते? एक तर आपले वजन ही स्थिर वस्तू नव्हे. खारट जेवण झाले की शरीरात पाणी धरते, पोट साफ झाले की काटा खाली येतो. दिवसादिवसांत किलो-दीड किलोचा फेर सहज पडतो. खाणे कमी केल्याच्या पहिल्या आठवड्यात जे झपाट्याने उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. दुसरे असे की, माणूस गोळी कधी सुरू करतो? दिवाळीचा फराळ, लग्नसराई उरकली आणि सदऱ्याचे बटण लागेनासे झाले म्हणजे. त्या वेळी वजन कळसाला पोचलेले असते. तिथून ते थोडे आपोआपच खाली यायचे. शिवाय ज्याने पैसे मोजून बाटली आणली तो त्याच दिवसापासून जिलेबीला नाही म्हणू लागतो आणि संध्याकाळी फिरायलाही जातो. त्यातले श्रेय कोणाचे, हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? आणि ज्यांना काहीच गुण आला नाही ते अभिप्राय लिहीत बसत नाहीत. बाटली फडताळात मागे सारतात आणि गप्प राहतात. परीक्षेला बसलेल्यांपैकी उत्तीर्णांचीच यादी हाती यावी आणि तिच्यावरून शाळेचा निकाल शंभर टक्के म्हणावा, तसला हा प्रकार.

मग काय, सगळा भार तज्ज्ञांवर टाकावा? तसेही नाही. १९३३ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन डॉक्टरांनी डायनायट्रोफेनॉल हे रसायन वजन उतरवते असे जाहीर केले. ते रसायन पहिल्या महायुद्धात स्फोटक दारूच्या कारखान्यांत वापरत. तिथले कामगार घामाघूम होत, वाळत, आणि काही मरतही. नवल असे की, ही गोळी खोटी नव्हती. ती शरीराची भट्टी खरोखरच भडकवी आणि वजन खरोखरच उतरे. वर्षभरात अमेरिकेत लाखभर माणसांनी ती घेतली असा अंदाज आहे. १९३५ पासून तरुण स्त्रियांना मोतीबिंदू झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. काही माणसे ताप चढून दगावली. १९३८ साली तिकडे अन्न व औषधांचा नवा कायदा झाला, तेव्हा कुठे या रसायनाला आळा बसला. तेव्हा ‘गुण आला का’ एवढा एकच प्रश्न, मग तो तज्ज्ञाने नीट मोजून का सोडवलेला असेना, पुरा पडत नाही.

गवारीची हकिगत याहून साधी आणि म्हणूनच मला जास्त बोलकी वाटते. आपण भाजी करतो त्याच गवारीच्या बियांपासून एक डिंक निघतो. आपल्या राजस्थानात त्याचे मोठे उत्पादन आहे. हा डिंक पाण्यात फुगतो. तज्ज्ञांचे गणित बरोबर होते : पोटात डिंक फुगेल, पोट भरल्यासारखे वाटेल, माणूस कमी जेवील. अमेरिकेत ‘कॅल-बॅन ३०००’ नावाच्या अशा गोळ्या खपू लागल्या. पण माणसे गोळी कशी गिळतात, हे कोणी पाहिले? कोणी घोटभर पाण्याबरोबर, कोणी कोरडीच. गोळी पोटापर्यंत पोचण्याआधीच घशाखाली अडकली आणि तिथेच फुगली! अन्ननलिका बंद होऊन माणसे इस्पितळात जाऊ लागली, तेव्हा १९९० साली सरकारला त्या गोळ्यांवर हात टाकावा लागला. फुगण्याचे शास्त्र प्रयोगशाळेला माहीत होते. गिळण्याची रीत माहीत होती ती घरातल्या माणसांना; आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आपल्याकडे रात्री झोपताना इसबगोलाचा चमचा तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पिणारे पुष्कळ आहेत. त्यांनीही हे ध्यानात ठेवलेले बरे. त्याला पेलाभर पाणी हवे.

आता मी त्या फायलीतल्या पत्रांकडे येतो. एफेड्रा नावाचे झुडूप आहे. चिनी वैद्यकात त्याला मा हुआंग म्हणतात. दम्यावर पूर्वी सर्रास देत ते एफेड्रिन यातलेच. एफेड्रा आणि कॉफीतले कॅफीन एकत्र करून केलेली ‘मेटाबोलाइफ ३५६’ ही गोळी १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत तुफान खपली. छाती धडधडते, झोप लागत नाही, चक्कर येते, असे लोक कंपनीला फोनवरून कळवीत आणि कंपनी ते टिपूनही घेई. पण सरकारी खात्याला मात्र सांगण्यात आले की, गंभीर अपायाची एकही तक्रार आमच्याकडे नाही. २००२ साली ती टिपणे अखेर सरकारच्या हाती आली, तेव्हा ती निघाली १४ हजारांहून अधिक! त्यांत धडधडीसारख्या साध्या तक्रारी होत्या. आणि हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, आकडी आणि मृत्यूही होते. टिपणे अपुरी होती, हे खरे. एखाद्या टिपणावरून झटका गोळीनेच आला असे सिद्ध होत नाही, हेही खरे. तर्कशास्त्राच्या तासाला मी तेच शिकवतो. पण चौदा हजार जण एकाच दाराशी येऊन कडी वाजवतात, तेव्हा दार उघडून निदान पाहावे तरी लागते.

ते पाहण्याचे काम मग तज्ज्ञांनी केले. सरकारने सांगितल्यावरून झालेली आणि २००३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी अशी : एफेड्राने वजन उतरते, पण किती? पोकळ गोळीपेक्षा महिन्याला सुमारे ०.९ किलो जास्त, आणि तेही थोड्या महिन्यांपुरतेच. उलट धडधड, मनाची बेचैनी, ओकारी वगैरे त्रासांचा धोका दुपटीपासून साडेतीन पटीपर्यंत वाढलेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टीव्ह बेकलर हा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावाच्या वेळी उष्माघाताने गेला. तो एफेड्राची गोळी घेत होता, आणि मृत्यूला तिचाही हातभार लागला असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. एप्रिल २००४ पासून एफेड्राच्या पूरक गोळ्यांवर तिथे बंदी आली. २००६ च्या अखेरीस कायदाच झाला की, गंभीर अपायाची तक्रार आली तर कंपनीने ती कामाच्या पंधरा दिवसांच्या आत सरकारला कळवली पाहिजे. म्हणजे लोकांच्या अभिप्रायाला कायद्याने जागा मिळाली ती ‘गुण आला’ म्हणणाऱ्यांमुळे नव्हे, ‘त्रास झाला’ म्हणणाऱ्यांमुळे.

तर आपल्या सज्जन कारखानदाराने काय करावे? गोळी करण्याआधीच तज्ज्ञांना विचारावे की, ही करावी तरी का. यकृतावर, रक्तदाबावर, मधुमेहाच्या चालू औषधांवर हिचा काय परिणाम होईल. गरोदर बाईने ती चुकून घेतली तर काय. गुणाचा प्रश्न पोकळ गोळीशी तुलना करूनच सोडवावा, आणि निकाल विरुद्ध गेला तर तो छापण्याची तयारी ठेवावी. लोकांना विचारण्यासारखे पुष्कळ उरतेच. गोळी गिळता येते का? रोज लक्षात राहते का? उपासाच्या दिवशी घेता का? बरोबर आणखी कोणता काढा, कोणते चूर्ण घेता? वरचे आवरण जिलेटिनचे आहे का, असे एखादी शाकाहारी गृहिणी विचारील आणि तिचे विचारणे योग्यच आहे. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून होते. असले प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेत सुचत नाहीत.

आपल्याकडे कायदा मुळीच नाही असे नव्हे. लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानेच मनाई आहे. त्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचे नाव आहे. पूरक आहाराचे नियम २०१६ साली निघाले आणि त्यांप्रमाणे डबीवर, हे औषधी वापरासाठी नाही, असे छापावे लागते. छापतात, फक्त अक्षर केवढे असते ते भिंग घेऊन पाहावे. औषधांच्या अपायांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचा १८००-१८०-३०२४ हा फुकटचा फोन आहे, आणि सामान्य माणसाने भरायचा तक्रारीचा अर्ज मराठीतही मिळतो. पूरक गोळी कायद्याच्या लेखी अन्नात मोडते, म्हणून तिच्याविषयी आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही लिहावे.

लिहिताना मात्र ‘तुमची गोळी वाईट आहे’ एवढे लिहून उपयोग नाही. गोळी कोणत्या तारखेला सुरू केली, दिवसाला किती घेतली, त्रास कितव्या दिवशी झाला, बंद केल्यावर तो थांबला का, बरोबर दुसरे काय चालू होते, आणि डबीवरचा बॅच नंबर कोणता, एवढे हवेच. तो नंबर बहुधा डबीच्या बुडाशी असतो; आणि बरेच लोक त्रास सुरू झाल्याबरोबर पहिली डबीच केरात टाकतात.