ज्वारीचं धसकट आणि हवेतला कर्ब

मैत्रिणींनो, माती परीक्षणाचा कागद घरात असेल तर त्यात ‘सेंद्रिय कर्ब’ ही ओळ शोधा. आपल्याकडच्या बऱ्याच रानांत तो आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो.

हा कर्ब येतो हवेतून. ज्वारी, बाजरी, गहू पानांवाटे हवेतला कर्बवायू घेतात आणि उन्हाच्या जोरावर त्याचं ताट, कणीस, मूळ घडवतात. कणीस आपल्याला, कडबा जनावरांना. रानाला उरतं मूळ. ज्वारीचं मूळ खोल काळ्या रानात चार-पाच फूट खाली जातं. जिवंतपणी ते गोडसर रस पाझरतं, त्यावर जिवाणू जगतात. ते मेले की त्यांच्यातला थोडा कर्ब चिकणमातीच्या कणांना धरून वर्षानुवर्षं राहतो.

ज्वारीच्या पात्यानं हात कापतो ना? त्या पात्यात वाळूच्या जातीचे, डोळ्यांना न दिसणारे सिलिकाचे कण असतात. त्यांच्या पोटातही किंचित कर्ब अडकतो. पान कुजतं, कण कुजत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीत काय पिकत होतं, ते संशोधक अशा कणांवरून ओळखतात. पण हा साठा चिमूटभर. मोठं काम मुळांचंच.

आता हिशेब. एकरभर रानातल्या वरच्या 15 सेंटीमीटर मातीचं वजन अंदाजे 9 लाख किलो. कर्बाचा आकडा 0.40 वरून 0.50 वर गेला, तर 900 किलो कर्ब वाढला. म्हणजे हवेतला सुमारे 3300 किलो कर्बवायू मातीत आला. याला बरीच वर्षं लागतात. तेव्हा ‘कर्बाचे पैसे लगेच मिळवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर कागद वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका.

साठलेला कर्ब जायला मात्र वेळ लागत नाही. पुन्हापुन्हा नांगरट केली की तो उडतो. धसकटं वेचून पेटवली की तासाभरात धूर. हे वेचायचं काम बहुधा आपल्याच वाट्याला येतं, म्हणून आपल्याशीच बोलते. खोडकिडा लागलेली धसकटं जाळा, पण तेवढीच. बाकीची शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा.

शेणाचंही तसंच. गोवरी थापली की कडब्यातला कर्ब चुलीतून परत हवेत. गॅसची टाकी परवडत नाही तिथं गोवरी लागणारच, पण पावसाळ्याची बेगमी झाली की उरलेलं शेण खड्ड्यात जाऊ द्या.

मातीचा नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्या. जुना कागद फेकू नका, पुढचा आकडा त्याच्याशीच ताडून बघायचा आहे.